सुभेदाराची उष्णता

"कोणाच्या बापाची हिंमत झाली हे इथं बांधाची? मर्द असशीन तर समोर ये, भैताडा!"

बाबा फाटकात उभे राहून ओरडत होते आणि त्यांच्या हातात सुतळीत ओवलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. रविवारची सकाळ, नळाला पाणी आलेलं, म्हणजे खापरखेड्याच्या आमच्या कॉलनीतली समस्त स्त्रीजात घागरी घेऊन समोरच हजर. बाबांच्या त्या आवाजाने पार खाप्याला, कन्हान नदीच्या पात्रात उभे असलेले बगळे उडाले, असं मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं आहे आणि ते खोटं असल्याचं एकालाही सिद्ध करता आलेलं नाही. नळावरच्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. शेजारच्या क्वार्टरचे दामूकाका ओट्यावर बसून कडुलिंबाची काडी चावत होते आणि त्यांचा चेहरा इतका निष्पाप होता की बांगड्या कोणी बांधल्या हे आंधळ्यालाही कळावं. फक्त बाबांना कळत नव्हतं. आमच्या ओट्याखाली सुभेदार पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडला होता, आणि बांगड्या त्याच्यासाठी होत्या. पहिलटकरणीला भरतात तशा. सुभेदार हा कुत्रा होता, आणि नर होता.

तो आला खाप्याहून, माझ्या आईच्या माहेराहून, वांग्यांच्या टोपलीत बसून. मामाने वांगी पाठवली होती आणि वर हा. मोठा झाल्यावर त्याच्या मानेवर आणि छातीवर असे केस आले की पाहुणे फाटकातच थबकून विचारत, काय पाळलं म्हणून. तांबूस, दाट, झुबकेदार. कार्तिकाच्या थंडीत माझा धाकटा भाऊ त्याच्यात शिरून झोपे आणि सकाळी शोधून काढावा लागे. त्याचं नाव बाबांनी ठेवलं. घरात पोलीस, पलटण असं काही नव्हतं, पण बाबांना हुद्द्यांचा फार सोस. त्यांच्या मते खाप्यापासून सावनेरपर्यंत जे जे तांबडं पिल्लू दिसे ते सुभेदाराचंच. सायकलवरून जाताना ते अनोळखी गावातल्या पिल्लांकडे बोट दाखवून मला सांगायचे, "हे पाय, तुहा पुतण्या."

आमच्या घरात तेव्हा दोनच गोष्टी कायमच्या होत्या, काळी पूड आणि घरघर. पॉवर हाऊसच्या चिमणीतून राख पडे, कोळशाच्या ट्रकांतून भुकटी उडे. आईने वाळत घातलेले पापड संध्याकाळपर्यंत उडदाचे की बाजरीचे ते सांगता येत नसे. ज्वारीच्या भाकरीवर वरून बारीक काळे ठिपके बसत आणि नागपूरहून कोणी आलं तर आई बेधडक "तिळाची भाकर हाय, घ्या" म्हणून वाढी. पाहुणे दुसरी मागून घेत. तिच्या हाताचा झुणका आणि अंबाडीची भाजी असली की राखेसकट माणूस जेवत असे. आणि ती घरघर. दिवसरात्र, भिंतीत, घागरीतल्या पाण्यात, दातांच्या मुळांत. आम्हाला ती ऐकू येत नसे, इतकी सवयीची. लग्नाला परगावी गेलो की मात्र पहिल्या रात्री कोणालाच झोप लागत नसे.

बाबा त्या घरघरीच्या पोटात काम करायचे, टर्बाईनवर. तिथे माणूस माणसाशी हाताच्या खुणांनी बोलतो. वर्षानुवर्षं तिथे राहून बाबांचे कान गेले होते. ही गोष्ट कॉलनीतल्या प्रत्येकाला माहीत होती आणि ती कोणाला माहीत नाही अशी बाबांची पक्की समजूत होती. ज्याचे कान गेले त्याला टर्बाईनवरून काढून गोदामात नटबोल्टांच्या रखवालीला बसवत, आणि बाबांना ते मरणाहून वाईट वाटे. म्हणून त्यांनी एक युक्ती काढलेली. ते सतत बोलत. समोरच्याला तोंड उघडायला फट ठेवायचीच नाही. कोणी मध्येच काही विचारलंच तर मान डोलवून "हो हो, बराबर" म्हणायचं आणि पुढची गोष्ट सुरू करायची. (माझ्या सुना म्हणतात, सासूबाई कोणाला बोलू देत नाहीत. माझे कान शाबूत आहेत. मी फक्त घराण्याची रीत पाळते.)

मग पाळीचा भोंगा त्यांना कसा कळे? तर सुभेदारामुळे. भोंगा वाजला की सुभेदार फाटकात बसून, मान आभाळाकडे करून रडायचा, आणि लगेच येऊन बाबांच्या धोतराचा सोगा ओढायचा. मी तर म्हणते तो भोंग्याच्या आधीच रडायचा आणि मग पॉवर हाऊसवाले घाईघाईने भोंगा वाजवायचे. पुढे गेटपर्यंतचा रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. सुभेदार बाबांच्या उजव्या अंगाने चाले, मागून ट्रक आला की खांद्याने त्यांच्या पोटरीला रेटा देऊन कडेला घेई. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाबा गेटात शिरेपर्यंत तो उभा राही, मग परत येऊन आईच्या चुलीशी भाकरीचा तुकडा मागे. आई ट्रकांची भीती कधी बोलून दाखवत नसे. पण रोज पहिल्या भाकरीचा पापुद्रा, तूप लावून, त्याचा. आम्हाला दुसरीपासून.

त्याचे केस गळायला लागले ते त्याच्या उतारवयात. आधी दोन्ही कुशींवरून. लूत लागलेलं कुत्रं आम्ही पाहिलं होतं, ते कुठूनही खाजवतं, कुठूनही उघडं पडतं. याचं तसं नव्हतं. डाव्या कुशीवर जेवढं आणि जसं, उजव्या कुशीवर तेवढंच आणि तसंच, जसं शिंप्याने कापड दुमडून कात्री चालवावी. खाज अजिबात नाही. मग मानेवरचा तो झुबका गेला, शेपटीच्या बुडाशी गेलं, आणि उघडी पडलेली कातडी हळूहळू काळी होत गेली, तव्याच्या पाठीसारखी. हात लावला तर पातळ लागायची, भिजलेल्या पापडासारखी.

दुसरीकडे लोकांनी करंजाचं तेल लावलं असतं, गंधक लावलं असतं. आमच्या कॉलनीत सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, ट्रान्सफॉर्मरचं तेल. गुडघे धरले, ट्रान्सफॉर्मरचं तेल. गजकर्ण झालं, तेच. म्हशीच्या शिंगाला, दाराच्या बिजागरीला, नवरदेवाच्या टकलाला, तेच. ज्या तेलात एवढी वीज थंड होते त्यात रोगाची काय कथा, असा हिशेब. दामूकाका सबस्टेशनवर होते, त्यांनी स्वतः बाटली भरून आणून दिली आणि वर बसून सुभेदाराला चोपडायला मदत केली. आठवड्यामागून आठवडे तो त्या तेलात न्हाला. ओट्याखाली त्याच्या आकाराचा डाग पडला होता. केस काही आले नाहीत.

मग त्याच्या पोटाखालचे सड सुजून लोंबायला लागले, जसे पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचे असतात. आणि कॉलनीतले, पलीकडच्या वस्तीतले, पार नाल्यापलीकडचे कुत्रे आमच्या फाटकाशी येऊन बसायला लागले. भांडायला नव्हे. मादीमागे येतात तसे, जीभ काढून, शेपूट हलवत. सुभेदार गोंधळून त्यांच्याकडे बघायचा, एकदा दात दाखवायचा, मग घरात येऊन आईच्या मागे उभा राहायचा. काल ज्यांना हुसकावलं ते आज असे काहून आले, हे त्याला समजत नव्हतं. मला वाटतं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच असावी.

कॉलनीला मात्र दिवाळी आली. "गणपतभाऊ, यंदा पिल्लं केव्हा?" "नातवाचं नाव काय ठेवून राहिले गा?" बाबांना ऐकू येत नसे, पण हसणारी तोंडं दिसत. ज्याच्या मर्दानगीच्या गोष्टी त्यांनी पाच गावांत सांगितल्या होत्या, तो असा. त्यांनी दिवसा त्याला बाहेर नेणं बंद केलं. पहिल्या पाळीला अंधार असे तेव्हा न्यायचे, दुसऱ्या पाळीला एकटे जायचे. त्या रस्त्याने, पाठीमागून येणाऱ्या ट्रकांसकट. आई म्हणाली, नागपूरला जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. बाबा म्हणाले, डॉक्टरले काय सांगू, कुत्र्याले पान्हा फुटला म्हणून?

आणि मग त्या बांगड्या.

बाबांचा आवाज बसेपर्यंत आईने त्यांना ओरडू दिलं. मग नळावरून भरलेली घागर आत नेऊन ठेवली, बाहेर आली, त्यांच्या हातातली सुतळी सोडवली आणि त्यातल्या बांगड्या स्वतःच्या हातात भरल्या, तिथेच, सगळ्या बायांदेखत. बाबांच्या समोर उभी राहून, ओठ नीट दिसतील असं ती म्हणाली, "उद्या याले नागपुरात न्याचं. तुमी येत नसान तर मी आन बेबी नेतो." बेबी म्हणजे मी. आईने नागपूर तोवर लग्नाच्या बस्त्यापुरतं पाहिलं होतं.

बाबा आले. एसटीत कुत्रा घेत नाहीत, म्हणून रिकामा जाणारा कोळशाचा ट्रक पकडला. नागपुरात उतरलो तेव्हा आम्ही चौघे एकाच जातीचे दिसत होतो. तिथून सायकल रिक्षा. सुभेदाराची कातडी आणि सड कोणाला दिसू नयेत म्हणून आईने त्याला आपल्या जुन्या लुगड्यात डोक्यापासून गुंडाळलं होतं आणि मांडीवर घेतलं होतं. रिक्षावाला चढावर दम खात म्हणाला, "माताजी की तबियत जादा खराब है क्या?" आई म्हणाली, "बहुत." महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या बोळांतून जाताना एका म्हातारीने लुगड्यातल्या सुभेदाराला हात जोडले, असं मी सांगत असते. ते खोटं आहे. पण त्याने लुगड्यातून नाक बाहेर काढून कचोरीच्या कढईकडे पाहिलं होतं आणि आईने रिक्षा थांबवून त्याला कचोरी घेतली होती. ते खरं आहे. त्याने अर्धीच खाल्ली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा बायकांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. तपासणीच तशी असावी. दाराच्या जाळीतून मला दिसत होतं. डॉक्टर चष्मेवाले, सावकाश, पुटपुटल्यासारखं बोलणारे. त्यांनी सुभेदाराचं पोट दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मागच्या पायांमध्ये पाहिलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मग मान खाली घालून, सुभेदाराच्या पाठीवर हात ठेवून ते खूप वेळ बोलले. बाबा मान डोलवत होते. शेवटी डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. बाबा हसून म्हणाले, "हो हो, बराबर." ते बाहेरही ऐकू आलं.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

बाबांनी क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उष्णता."

आणि एकदा तोंड उघडल्यावर ते थांबले नाहीत. पॉवर हाऊसची उष्णता आहे, टर्बाईनची हवा अंगात भिनली, डॉक्टर म्हणाले असे पुष्कळ कुत्रे येतात, घाबराचं काम नाही, थंड द्या, केस असे येतीन का अस्वल म्हणसान. ट्रकमध्ये बसेपर्यंत त्यांनी डॉक्टरांचे शिक्षण, घराणे आणि खुद्द डॉक्टरांच्या कुत्र्याला झालेली उष्णताही सांगितली. आई हसली. कित्येक दिवसांनी.

मग आमच्या घरात सुभेदाराची उष्णता उतरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तेल बंद. ताक, सब्जा, दुधीचा रस, गुलकंद. आईने चंदनाचं खोड उगाळून त्याच्या काळ्या कुशींवर लेप दिला. ओलं पोतं अंथरलं. सगळी कॉलनी हातभार लावू लागली, कारण बांगड्यांचा प्रकार जरा जास्तच झाला असं लोकांना वाटत होतं. दामूकाकांनी तर खस आणून ओट्याला ताटी बांधून दिली आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी मारायला स्वतः येऊ लागले. बाबा त्याला पुन्हा दिवसाउजेडी नेऊ लागले, ताठ मानेने. कोणी पाहिलं की सांगत, "उष्णता हाय. डॉक्टरनं सांगतलं." ते दिवस फार चांगले गेले. मला आता ते आठवले की खसाचा वास येतो आणि जेवण जात नाही.

एक दिवस सुभेदाराच्या पोटावर लाल ठिपके दिसले, मुंग्या चावल्यासारखे. मग ते जांभळे झाले, पसरले. हिरड्या भाकरीच्या पिठासारख्या पांढऱ्या पडल्या. मग नाकातून रक्त यायला लागलं आणि थांबेना. बाबा पाळीवर होते. त्याला हलवण्यासारखं राहिलं नव्हतं. आईने त्याच्यापाशी दामूकाकांच्या बायकोला बसवलं, मला हाताला धरलं आणि मिळाला तो ट्रक थांबवला.

डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं. ते जरा चिडलेच. म्हणाले, "त्याच्या पुढच्या सोमवारी उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं. आला नाहीत. मला वाटलं विचार बदलला." मग त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, बाईमाणसाशी हे बोलायला संकोचत, सगळं पुन्हा सांगितलं. नराच्या दोन गोळ्या असतात, याची एकच खाली उतरलेली. दुसरी जन्मापासून पोटातच राहिली आणि तिथे तिचा कॅन्सर झाला. त्या गाठीतून मादीच्या अंगात असतो तसा रस रक्तात उतरतो. म्हणून केस दोन्ही बाजूंनी सारखे गेले, कातडी काळी झाली, सड आले, कुत्रे मागे लागले. कातडीला काहीच झालेलं नव्हतं. पुढे तो रस हाडांच्या आतल्या भागाला लागतो, तिथे नवं रक्त बनणं थांबतं. "मी त्यांना विचारलं होतं, पोट उघडून गाठ काढू का, धोका आहे, पण लगेच केलं तर काही आशा आहे. ते हो म्हणाले."

"आता?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, तेव्हाही खात्री नव्हती. ते त्यांनी आईसाठी म्हटलं असावं.

परतीच्या वाटेवर आई ट्रकमध्ये एकच वाक्य बोलली. "बाबाले सांगू नको." मी विचारलं, काहून? ती हातातल्या हिरव्या बांगड्या फिरवत राहिली. माझ्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. बाबांना खरंच ऐकू आलं नव्हतं, की सगळं ऐकून, आम्हाला चार दिवस हसताना बघावं म्हणून त्यांनी ती उष्णता रचली? गोष्टी रचण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मला वाटतं आईलाही तोच प्रश्न पडला होता आणि तिला उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खसाच्या ताटीखाली, सुभेदार गेला. बाबांच्या मांडीवर. शेवटी शेवटी पॉवर हाऊसचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा त्याने मान उचलायचा प्रयत्न केला, आवाज निघाला नाही. बाबांनी त्याच्या गळ्यावर हात ठेवला होता. त्या हातालाच कळलं असेल, कारण ते म्हणाले, "राहू दे गा. आज नाई जाचं." आईने त्याच लुगड्यात त्याला गुंडाळलं. दामूकाकांनी आपल्या सायकलच्या कॅरियरला फळी बांधली, त्यावर त्याला ठेवलं आणि खाप्यापर्यंत सायकल ढकलत नेली, चढले नाहीत. बाबा बाजूने चालले. कन्हानच्या काठी, मामाच्या वांग्यांच्या वाफ्यापलीकडे, दोघांनी खड्डा खणला. दामूकाका रडत होते आणि काहीतरी बोलत होते, बहुधा बांगड्यांबद्दलच. बाबा मान डोलवत होते. हो हो, बराबर.

मग पुढची सकाळ. पहिली पाळी. आईने डबा भरला. पहिल्या भाकरीचा पापुद्रा काढून तूप लावला आणि तो हातात धरून ती तशीच उभी राहिली. बाबा कपडे करून, डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. समोर फाटक. भोंगा झाला, नेहमीसारखा, भांडी थरथरली. शेजारची माणसं निघाली, सायकली गेल्या. बाबा बसून होते, फाटकाकडे पाहत. मी बाहेर जायला निघाले तर आईने माझा खांदा धरला. तिची बोटं मला अजून जाणवतात. जाऊन सांगायचं म्हणजे त्यांच्या कानांचं आपल्याला माहीत आहे हे सांगायचं, आणि मग तो दवाखाना, ती जाळी, ते सगळंच सांगायचं. आम्ही दोघी दाराआड उभ्या राहिलो. उजाडायला लागलं. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जायला लागले.

खाप्याहून परस्पर रात्रपाळीला गेलेले दामूकाका परत येत होते. आमच्या फाटकाशी थांबले. बाबांनी त्यांना पाहिलं, खसाच्या ताटीकडे पाहिलं, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाला काही विचारलं नव्हतं तो अगदी हळू, मी पूर्वी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "दामू, भोंगा झाला का गा?"

दामूकाका फाटक उघडून आत आले. बाबांच्या समोर उकिडवे बसले, तोंड नीट दिसेल असे.

"झाला, भाऊ. कवाचाच झाला."